सादाएचं चुकलेलं माप

सादाए शिगेनो माणसाचा चेहरा विसरायची, पण डोकं कधी विसरायची नाही. एकदा कात्सुरा नदीच्या पुलावर एका म्हाताऱ्याने तिला थांबून वाकून नमस्कार केला. ही आपली कोरी. त्याने घाम पुसायला टोपी काढली, मान खाली घातली, आणि ही पटकन म्हणाली, ‘अहो, तुम्ही तर तेवीस नंबर!’ म्हातारा खूश झाला. पंधरा वर्षांपूर्वी तो क्योतोतल्या उझुमासाच्या स्टुडिओत शेतकऱ्यांच्या घोळक्यात उभा राहायचा आणि सादाए त्याच्या डोक्यावर तेवीस नंबरचा केसांचा टोप चढवायची. त्याचं नाव तिला तेव्हाही ठाऊक नव्हतं आणि त्या दिवशीही तिने ते विचारलं नाही.

ती टोपवाली होती, आणि तेही पुरुषांच्या टोपांची. उझुमासात जुन्या काळच्या मालिका बनतात. त्यात मालकासाठी जीव देणारे चाकर असतात, दुष्काळात मुळं उकडून खाणारी गावं असतात, आणि सरदारापुढे धुळीत कपाळ टेकवणारी माणसं असतात. ही सगळी माणसं सकाळी सात वाजता सादाएच्या खोलीतून आपापलं डोकं घेऊन जायची. कोण कुठल्या पायरीचा, हे त्या काळी डोक्यावरच लिहिलेलं असे. सामुराईची शेंडी ताठ आणि टोकाला सरळ कापलेली. दुकानदाराची जरा फुगीर, पोट भरलेल्या माणसासारखी. चाकराची बारीक, आखूड. आणि सामुराईचा मालक गेला, तो रस्त्यावर आला, की सगळ्यात आधी त्याचा न्हावी सुटतो. मग डोक्याच्या पुढच्या, भादरलेल्या भागावर खुंट वाढायला लागतात. ते खुंट किती बोटं वाढवायचे यावरून सादाए त्या माणसाची उपासमार किती महिन्यांची आहे ते सांगायची. दिग्दर्शक कधी म्हणाला, ‘अजून थोडं गरीब करा,’ तर ती विचारायची, ‘म्हणजे किती? उन्हाळ्यापासून की गेल्या वर्षापासून?’

पायऱ्या काही फक्त पडद्यावरच नव्हत्या. तिच्या खोलीतल्या फळ्यांवरही होत्या. वरच्या फळीवर नटांची तांबी. मोठ्या नटाचा टोप तांब्याच्या पत्र्याच्या टोपीवर बसवतात, आणि ती टोपी त्याच्याच डोक्याच्या मापाने ठोकून काढलेली असते. खोलीत सगळे तिला नुसतं ‘तांबं’ म्हणायचे. प्रत्येक तांब्याच्या आत नटाचं नाव शाईने लिहिलेलं. खालच्या तीन फळ्यांवर मात्र नुसते नंबर. तिथले टोप मोठ्या खोलीतल्या लोकांसाठी. मोठी खोली म्हणजे जिथे पन्नासेक जण एकत्र कपडे बदलतात, ज्यांना नावाची भूमिका नसते, जे पालखी उचलतात, मरतात आणि उठून पुन्हा दुसऱ्या रांगेत जाऊन उभे राहतात. ज्याला जो नंबर बसेल तो त्याने घालायचा. नाही बसला तर आत पंचाची घडी. नाकापेक्षा मोती जड होऊ नये, असा तो हिशोब होता, आणि सादाएनेही तेहतीस वर्षांत तो कधी मोडला नव्हता.

तिचे वडील तांबी ठोकायचे. तेल, मेण, तापवलेले चिमटे, हे तिने पुढे दुसऱ्यांकडून शिकून घेतलं, पण हातोडी वडिलांची. ते म्हणायचे, ‘केस फसवतात. तांबं फसवत नाही.’ या एका वाक्यावर त्यांनी आयुष्य काढलं. नट बाहेर कितीही मिरवो, इथे येऊन बसला की त्याचं डोकं जेवढं असेल तेवढंच.

मोठ्या खोलीत नाकाबो म्हणून एक जण होता. एकाहत्तर वर्षांचा, तांगोच्या किनाऱ्याकडचा. मागून चपटं, डाव्या बाजूला वर आलेलं असं अवघड डोकं. त्याचा नंबर सतरा, डाव्या कानामागे पंचाची तीन पदरी घडी. ही घडी सादाएखेरीज कोणाला जमत नसे. अडतीस वर्षं तो मरत होता. भाल्याने, तलवारीने, एकदा विषाने, एकदा विहिरीत पडून. मरण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण पडद्यावर तो दिसायचा ते एखादा श्वास टाकण्याइतका वेळ. त्याची बायको फुमि सागाच्या रस्त्यावर एका टोफूच्या दुकानात काम करायची. तिने नवऱ्याची एकही मालिका धड पाहिली नव्हती. ‘मी चष्मा शोधून डोळ्याला लावेपर्यंत हे मेलेले असतात,’ असं ती सगळ्यांना सांगायची, आणि नाकाबो स्वतःही ते सांगून हसायचा.

एका वर्षी फेब्रुवारीत मात्र नवलच झालं. एका मालिकेत मोसुके नावाचा म्हातारा चाकर होता. मालकाची पायताणं सांभाळणारा. मालक ज्या घरात जाईल त्या घराबाहेर बसून राहायचं, तो निघाला की पायताणं पुढे ठेवायची, एवढंच काम. मालकाच्या भूमिकेत काशिवागी होता, वरच्या फळीवरचं सगळ्यात जुनं तांबं. चार-पाच नट मोसुके म्हणून बसवून पाहिले, पण दिग्दर्शकाला एकाचंही बसणं पटेना. कोणीतरी नाकाबोला बोलावलं. तो अंगणात गेला आणि बसला. दिग्दर्शक म्हणाला, ‘हा माणूस खरंच कोणाचीतरी वाट बघतोय.’ अकरा वाक्यं होती. आठही भागांच्या शेवटी नाव येणार होतं. आणि नावाची भूमिका म्हणजे स्वतःचं तांबं.

सादाएने त्याला वरच्या खुर्चीत, म्हणजे नावाच्या नटांच्या खुर्चीत बसवलं, तेव्हा तो खुर्चीच्या कडेवरच टेकला.

‘मागे सरका नाकाबोसान. खुर्ची चावत नाही.’

‘काशिवागीसान बसतात ना हिच्यात?’

‘बसतात. आणि घोरतात.’ तिने कागदाची पट्टी त्याच्या कपाळाभोवती फिरवली. ‘काय हो हे डोकं. कोणी वरून फणस टाकला होता का लहानपणी?’

‘आई म्हणायची, होडीचं वल्हं लागलं.’

‘एक लागलं की दोन?’

तो हसला, मग म्हणाला, ‘आत नाव लिहिणार?’

‘सगळ्यांचं लिहिते.’

‘माझं गावातलं पूर्ण नाव लिहाल? नाकाबो इसाओ. इथे कोणाला इसाओ माहीतच नाही.’

तिने मापं घेतली. बोटांनी चाचपून पुन्हा घेतली. चार दिवस ठोकलं. तांबं त्याच्या डोक्यावर असं बसलं की कानामागून कागदही सरकेना. शेंडी बारीक केली, पांढऱ्यात थोडे पिवळट केस मिसळले, कारण उन्हात उभं राहून म्हाताऱ्या झालेल्या चाकराचे केस शुभ्र नसतात. आत ‘नाकाबो इसाओ’ असं लिहिलं. नाव वाळेपर्यंत नाकाबो तिथेच बसून राहिला होता.

चित्रीकरण मेच्या मध्याला सुरू झालं. पहिल्याच सकाळी सादाएने त्याच्या डोक्यावर टोप ठेवला आणि तिचा हात थांबला. कानामागे बोट आत गेलं. तिने टोप काढला, पुन्हा ठेवला. पुन्हा बोट आत गेलं.

‘किती वाळलात?’ तिने आवाज खाली आणून विचारलं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, तरी.

‘कुठे वाळलो?’

‘हे मला सांगता? माझं बोट जातंय आत.’

‘उकाडा सुरू झाला, सादाएसान. जेवण जात नाही.’

‘मे महिना आहे अजून.’

मग नाकाबोने आरशात बघत सरळ सांगून टाकलं. एप्रिलमध्ये गावी जातो म्हणून जी रजा घेतली, त्यात तो इस्पितळात होता. डॉक्टरांनी पोट उघडून पाहिलं आणि काही न काढता तसंच शिवलं. म्हणाले, घरी जा, आवडेल ते खा. याने विचारलं, काम करू का? ते म्हणाले, जमेल तोवर करा.

‘फुमिसानना ठाऊक आहे?’

‘तिने टाके मोजले. बारा. म्हणाली, इतक्या वेळा मेलात आणि एकदाही शिवलं नाही, आता बघा.’ तो हसला नाही. ‘ओकुमुराला कळलं, तर उद्या माझ्या जागी दुसरा बसेल. त्याचं चुकणार नाही त्यात, नियमच आहे. पण सादाएसान, अडतीस वर्षं झाली. मोसुके शेवटपर्यंत मरत नाही. मला एकदा पूर्ण मालिकाभर जिवंत राहायचंय.’

ओकुमुरा निर्मितीचा कारभार बघायचा. नावाची भूमिका करणाऱ्याला तब्येतीचा कागद भरून द्यावा लागे. काही बदल झाला तर ताबडतोब कळवायचं. आणि हे नट सोडून आणखी ज्यांना कळेल त्यांनाही लागू होतं. सादाएने तेहतीस वर्षं या स्टुडिओचा भात खाल्ला होता. वडिलांनी त्याआधी चाळीस वर्षं. ती ज्या मालिकांना टोप चढवायची त्यांत निष्ठा फार सोपी असते, कारण तिथे मालक एकच असतो. तिला नाकाबोचा रागच आला. आपल्या हाताने कळावं आणि तोंडाने सांगता येऊ नये, असं ओझं याने आपल्याच डोक्यावर का ठेवावं?

पण तिने पंचा घेतला, फाडला, आणि एक घडी तांब्याच्या आत लावली. ‘मान सरळ,’ ती म्हणाली. ‘आणि दुपारी भाताचे दोन गोळे खा. जात नसले तरी.’

मेअखेरपर्यंत एक घडी पुरायची. जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन झाल्या. पावसाळी उकाड्यात टोपाखाली घाम साठतो, पंचा भिजतो, भिजला की सरकतो. दर तासाला सादाए चहाचा पेला घेऊन अंगणात जायची आणि चहा देता देता कानामागे अंगठा दाबून यायची. लोकांना वाटायचं, म्हातारपणी दोघांची गट्टी जमली. मोठ्या खोलीत थट्टाही झाली. ‘नाकाबोसान, आम्हाला कधी नेऊन देत नाहीत चहा!’ नाकाबो म्हणायचा, ‘आधी अडतीस वर्षं मरा.’ जवळ झोपडीच्या पायरीवर काशिवागी आपली वाक्यं पाठ करत बसलेला असायचा. तो कमी बोलायचा, पण त्याला सगळं ऐकू यायचं.

शेवटचा प्रसंग जूनच्या तिसऱ्या आठवड्यात घेतला. मालकाला संध्याकाळपर्यंत स्वतःचं पोट चिरायचा हुकूम झालाय. तो आत आहे. बाहेर दगडी पायरीजवळ मोसुके आहे. आता हा माणूस बाहेर येणार नाही, हे त्याला माहीत आहे. तरी तो पायताणं उचलतो, पुसतो, आणि टोकं बाहेरच्या बाजूला करून पायरीखाली ठेवतो, निघणाऱ्या माणसासाठी ठेवतात तशी. मग कपाळ जमिनीला टेकवतो. एवढंच. कॅमेरा जमिनीलगत, चेहऱ्यापासून हातभर अंतरावर.

नाकाबोने पायताणं ठेवली. कपाळ टेकवलं. आणि टोप पुढे सरकला. फार नाही, बोटभर. पण कपाळावर केस आणि कातडी जिथे जुळतात, तिथली रेशमी पट्टी सुरकुतली, आणि आजकालचे कॅमेरे माशीच्या पायावरचे केस दाखवतात. दुसऱ्यांदा घेतलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर शेंडीच कलली. दिग्दर्शकाने हात वर केला. अंगणात साठ माणसं उभी होती.

ओकुमुरा पुढे आला. ‘सादाएसान, हे काय? हे तांबं यांचंच ना?’

‘यांचंच.’

‘फेब्रुवारीत मापं घेतलीत. डोकं म्हणजे काय दोरीवर वाळत घातलेला मुळा आहे आक्रसायला?’ कोणी हसलं नाही. ओकुमुरा बोलता बोलता थांबला. त्याने नाकाबोकडे नीट पाहिलं. गालांकडे, मग मनगटांकडे. ‘नाकाबोसान,’ तो हळू म्हणाला, ‘तुमची तब्येत बरी आहे ना?’

नाकाबो अजून गुडघ्यांवर होता. त्याने तोंड उघडलं. सादाएला दिसलं की हा आता खरं सांगणार, कारण विचारल्यावर खोटं बोलायची त्याला सवय नव्हती; मोठ्या खोलीतल्या माणसाला कोणी कधी काही विचारतच नाही.

‘माप माझं चुकलं,’ सादाए म्हणाली.

ती दोन पावलं पुढे आली आणि कमरेत वाकली. ‘डोकं अवघड आहे. मी डावी बाजू जास्त धरली. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं होतं, पण कबूल करायची लाज वाटली, म्हणून पंचा भरून चालवत राहिले. सगळ्यांचा वेळ वाया घालवला. माफ करा.’

ज्याला हे काम माहीत नाही, त्याला यात काय एवढं, असं वाटेल. पण टोपवालीने मोठ्याने, साठ माणसांसमोर, ‘माझं माप चुकलं आणि मी ते लपवलं’ म्हणणं म्हणजे आचाऱ्याने जेवणाऱ्यांसमोर ‘मासा शिळा होता, मला माहीत होतं’ म्हणण्यासारखं आहे. त्यानंतर त्याच्या हातचं कोण खाईल? मोठ्या खोलीतली माणसं जमिनीकडे बघायला लागली. पायरीपलीकडे, आतल्या अंधारात काशिवागी पांढऱ्या कपड्यांत बसला होता. त्याने तेवढी मान वळवली.

‘किती वेळ लागेल?’ ओकुमुराने विचारलं. त्याचा आवाज थंड झाला होता, पण तो नाकाबोकडे बघायचं विसरला होता.

‘एक तास.’

तिने वडिलांची हातोडी काढली. तांब्याला मागून चीर दिली, कडा एकमेकींवर चढवल्या, खिळा मारला, आणि ठोकायला बसली. नाकाबो समोर येऊन उभा राहिला.

‘तुम्ही कशाला...’

‘बसा. डोकं द्या इकडे.’

‘सादाएसान, तुमचं नाव...’

‘माझं नाव कुठल्याच तांब्यात लिहिलेलं नाही,’ ती म्हणाली. ‘मान सरळ ठेवा. हलू नका.’ तिने तांबं त्याच्या डोक्यावर ठेवून कानामागे बोट घातलं, काढलं, आणि पुन्हा ठोकायला घेतलं.

तास संपायला पाच मिनिटं होती तेव्हा नाकाबो पुन्हा पायरीपाशी बसला. पायताणं पुसली, टोकं बाहेर केली, कपाळ टेकवलं. टोप तसूभरही हलला नाही. तो बराच वेळ वर उठला नाही, आणि दिग्दर्शकानेही थांबा म्हटलं नाही.

शेवटचा प्रसंग झाला की नावाच्या नटांना फुलं देतात. नाकाबोला आयुष्यात पहिल्यांदा फुलं मिळाली. ती कशी धरायची त्याला कळेना. शेवटी त्याने रात्रीच्या मिरवणुकीतला कंदील धरतात तशी दोन्ही हातांनी समोर उभी धरली, आणि बसस्टॉपपर्यंत तशीच नेली.

सादाएला जे मिळायचं ते ऑगस्टमध्ये मिळालं. काशिवागीची नवी मालिका लागणार होती. बावीस वर्षं त्याच्या डोक्याला दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता. त्याच्याकडून एक गृहस्थ गोड बोलत आले, बरोबर लाल चवळीची मिठाई. ‘उकाडा फार आहे. सादाएसाननी आता जरा विश्रांती घ्यावी, असं काशिवागीसानना फार वाटतं.’ क्योतोत कोणी तुमच्या विश्रांतीची काळजी करू लागलं की समजावं, तुमचं काम सुटलं. सादाएने मिठाईबद्दल तीनदा आभार मानले. काशिवागीचं तांबं दुसऱ्या खोलीतल्या नव्या माणसाकडे गेलं. वरच्या फळीवर गोल, धूळ नसलेली जागा राहिली. तिच्याकडे पाहून सादाएला वाईट वाटायचं. खोटं कशाला सांगा, पश्चात्तापही व्हायचा. एखाद्या दिवशी तर वाटायचं, त्या म्हाताऱ्याची एक मालिका आणि आपली तेहतीस वर्षं, हा सौदा कुठल्या शहाण्याने केला असता? मोठ्या खोलीतले लोकही आता टोप घालताना स्वतः एकदा चाचपून बघू लागले होते. तेवढं मात्र तिला फार लागलं.

मालिका ऑक्टोबरपासून दाखवली. नाकाबो गेला तो डिसेंबरच्या सुरुवातीला, आठवा भाग लागून गेल्यावर.

अंत्यविधीला मोठी खोली सगळीच्या सगळी आली. सगळ्यांनी काळे कपडे घातले होते आणि कोणाला कोणी ओळखत नव्हतं, कारण एकमेकांना बिनाटोपाचं बघायची सवय नव्हती. फुमि येणाऱ्या प्रत्येकाला वाकत होती. सादाए समोर आली तेव्हा तिने तिचे दोन्ही हात धरले.

‘या वेळी चष्मा आधीच लावून बसले होते,’ ती म्हणाली. ‘आठही भाग. हे शेजारी. मोसुके काही मरेना. मी म्हटलं, अहो, मरा ना, मला जेवण करायचंय. मग नाव आलं. आणि मेला चष्माच धुरकटला. टोफूच्या वाफेची सवय आहे मला, पण हे काही पुसलं जाईना.’

‘वाचलंत ना?’

‘यांनी वाचून दाखवलं. नाकाबो इसाओ.’ तिने डोळे टिपले. ‘एप्रिलमध्ये शिवून घरी पाठवलं होतं डॉक्टरांनी. उन्हाळा काढणार नाहीत म्हणाले होते. कशावर तग धरला कोण जाणे.’

सादाएच्या मागे उदबत्ती लावायला कोणी उभं होतं. तिने बाजूला होऊन वाट दिली. तो काशिवागी होता. त्याने फुमिला नमस्कार केला, उदबत्ती लावली, आणि सादाएकडे न बघता निघून गेला.

वर्षअखेरीला स्टुडिओत जळमटं काढतात. सादाए डोक्याला पंचा बांधून फळ्या पुसत होती. नियमाप्रमाणे नट गेला की तांब्यावरचे केस सोडवायचे, तांबं ठोकून सपाट करायचं आणि दुसऱ्या डोक्यासाठी वापरायचं. नाकाबोचे केस तिने सोडवले होते. तांबं मात्र वरच्या फळीवर, त्या रिकाम्या गोल जागेत ठेवलं होतं. मागच्या बाजूला चीर आणि खिळा, आत नाव.

दार सरकलं. काशिवागी आत आला. अंगात साधा लोकरी कोट, हातात काही नाही. सहासष्ट वर्षांचा माणूस, टोपाशिवाय जरा लहानच दिसायचा.

‘कामात आहात?’

‘धूळ झाडतेय. बसू नका, कपडे खराब होतील.’

तो उभाच राहिला. त्याची नजर फळीवर गेली. ‘ते नाकाबोचं?’

‘हो.’

‘एप्रिलमध्ये त्याचं पोट उघडलं होतं. फुमिसान म्हणाल्या.’

‘मीही तेव्हाच ऐकलं.’

‘म्हणजे मेमध्ये तो वाळला होता. फेब्रुवारीतलं तांबं मेमध्ये ढिलं होणारच.’ ‘सादाएसान, तुमचं माप चुकलं नव्हतं.’

सादाएने पंचा बादलीत पिळला. एक शब्द बोलली असती तर बावीस वर्षांचं काम परत आलं असतं, आणि मोठ्या खोलीतल्या लोकांनी टोप चाचपणंही थांबवलं असतं. पण मग दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये निघालं असतं की नाकाबोने तब्येत लपवून भूमिका केली, साठ माणसांना फसवलं. त्याचं नाव आयुष्यात एकाच मालिकेत आलं होतं. ते असं पुन्हा आलेलं तिला नको होतं.

‘चुकलं होतं,’ ती म्हणाली. ‘डावी बाजू जास्त धरली मी. डोकं अवघड होतं.’

बाहेर कोणी अंगणात गवताच्या चटया झोडपत होतं. मग काशिवागीने कोट काढला, घडी करून बाकावर ठेवला, आणि धुळीचा विचार न करता जाऊन वरच्या खुर्चीत बसला. तिच्याकडे पाठ करून.

‘तो नवा माणूस चांगला आहे,’ तो आरशाला म्हणाला. ‘हात हलका आहे. पण गेल्या आठवड्यात त्याने कॅन्टीनमध्ये सांगितलं की काशिवागीचं डोकं लहान व्हायला लागलंय. दुपारपर्यंत ओकुमुराला कळलं. आता मला घोड्यावर बसवायचं की नाही, यावर त्यांची बैठक आहे.’ त्याने हात गुडघ्यांवर ठेवले. ‘साखर आहे मला. दोन वर्षं झाली. एकदा पुन्हा मोजून बघाल?’

सादाएने हात पुसले. खणातून त्याच्या जुन्या मापाची कागदाची पट्टी काढली आणि त्याच्या कपाळाभोवती फिरवली. कानांवरून मागे नेली. जुनी खूण ओलांडून पट्टीचं टोक दोन बोटं पुढे गेलं. त्याने डोळे मिटून घेतले होते.

‘किती?’ त्याने विचारलं.

तिने जुनी खूण अंगठ्याने झाकली आणि नवीन जागी दुमड घातली.

‘मागच्या वेळी मीच जास्त मोजलं होतं,’ सादाए म्हणाली. ‘मान सरळ ठेवा.’